बादलीला लाथ

हिंदी माणसाच्या इंग्रजीची थट्टा करणारा एक विनोद फार दिवसांपासून सांगितला जातो. एका कचेरींतील कारकुनाची आई वारली. रजेसाठीं त्यानें साहेबांस अर्ज लिहिला आणि त्यांत कळविलें कीं, पाळणा हलविणाऱ्या हातानें बादलीला लाथ मारली आहे. हा अर्ज कोणीं लिहिला आणि कोणत्या कचेरींत लिहिला, याचा ठावठिकाणा सांगणारे देत नाहींत. बहुधा तो कोणीं लिहिलाच नसावा. परंतु विनोद टिकून राहिला, आणि तो ऐकून इंग्रज हंसले तसे आपल्याकडील इंग्रजी शिकलेले लोकहि पोट धरून हंसले.

हंसण्याचें उघड कारण असें कीं, हात कधीं लाथ मारीत नाहीं. पाळण्याच्या हातासंबंधींचा एक संप्रदाय आणि बादलीसंबंधींचा दुसरा, असे दोन निरनिराळ्या गांवचे पाहुणे त्या बिचाऱ्यानें एका पाटावर बसविले. पण ही चूक वरवरची आहे. दुसरी चूक अधिक खोल आहे आणि तिच्याकडे हंसणारांचें लक्ष सहसा जात नाहीं. समजा, त्यानें पाळण्याचा उल्लेख गाळून साधेपणानें ‘माय मदर हॅज किक्ड द बकेट’ एवढेंच लिहिलें असतें. व्याकरणाच्या दृष्टीनें वाक्यांत कोठेंहि बोट ठेवतां आलें नसतें, कोशांतला अर्थहि बरोबर ठरला असता. तरीहि तें वाक्य आईच्या मृत्यूची बातमी म्हणून कोणत्याहि इंग्रजाला वाचवलें नसतें.

‘किक् द बकेट’ म्हणजे मरणें. कोश एवढेंच सांगतो आणि फार झालें तर पुढें कंसांत ‘बोलभाषेंतील’ असा एखादा बारीक शब्द छापतो. त्या बारीक शब्दांत सारी गोम आहे. इंग्रजींत मृत्यूसाठीं शब्दांची मोठी उतरंड लागलेली आहे. ‘डाय’ हा सर्वांत साधा आणि सर्वत्र चालणारा. ‘पास अवे’ हा दुःखितांशीं बोलतांना आवाज खालीं आणून वापरावयाचा. ‘डिमाइज’ हा वर्तमानपत्राच्या आणि दस्तऐवजाच्या दप्तरांतला. या सर्वांच्या पुष्कळ खालीं, पडवीच्याहि बाहेर, अंगणांत उभा राहून दांत काढणारा असा हा ‘किक् द बकेट’. त्यांत मृत्यूचें भय नाहीं, मृताचा मान नाहीं आणि शोक तर नाहींच नाहीं. तो गंमतीचा शब्द आहे.

म्हणून इंग्रज माणूस तो कोणाविषयीं वापरतो हें पाहिलें पाहिजे. पहिल्यानें स्वतःविषयीं. ‘मी बादलीला लाथ मारली म्हणजे माझीं पुस्तकें गांवच्या वाचनालयाला देऊन टाका’ असें एखादा वृद्ध मित्रांत बसून हंसत म्हणेल आणि त्याच्या धीराचें कौतुक होईल. दुसऱ्यानें, ज्याच्या जाण्यानें कोणाच्याहि डोळ्यांत पाणी येण्यासारखें नाहीं अशा एखाद्या दूरच्या किंवा कल्पित इसमाविषयीं. एखादा चिक्कू चुलता, नाटकांतला खलपुरुष. तिसऱ्यानें, यंत्राविषयीं. घरांतलें जुनें धुण्याचें यंत्र किंवा पुष्कळ वर्षें ओढत आणलेली मोटार कायमची बंद पडली कीं तिनें बादलीला लाथ मारली असें खुशाल म्हणतात. मात्र विधवेपाशीं तिच्या नवऱ्याविषयीं, मुलापाशीं त्याच्या बापाविषयीं हा प्रयोग झाला तर तो उघड उघड अपमान होय.

श्रोतेहो, ही गोष्ट मराठी माणसाला समजावून देण्यासाठीं इंग्लंडला जाण्याचें कारण नाहीं. आपल्या भाषेंतील मृत्यूची उतरंड इंग्रजीहून लांब आहे. कोणी कैलासवासी होतो, कोणी वैकुंठवासी. मुसलमान गृहस्थ पैगंबरवासी होतात, ख्रिस्ती गृहस्थ ख्रिस्तवासी. संन्यासी समाधिस्थ होतो. बखरींतले राजे निजधामास जातात. पत्रांतून देवाज्ञा होते. लहान मुलाला सांगावयाचें झालें तर आजी ‘देवाघरीं गेली’. शेजारीं वारतात, निवर्ततात. मग पायरी उतरतां उतरतां ‘खपला’, ‘आटोपला’ आणि अगदीं तळाशीं ‘गचकला’. पानिपतच्या रणांगणावरील १७६१ सालचा संहार पेशव्यांस कळविणारा जो निरोप प्रसिद्ध आहे, त्यांत तर मृत्यूचा शब्दच नाहीं. मोत्यें आणि मोहरा यांच्या हिशेबाच्या भाषेंत सारें सांगितलेलें आहे. आकांत जेवढा मोठा, तेवढा शब्द दूरचा.

उलट ‘मरणें’ या साध्या क्रियापदाची स्थिति पाहावी. जनावर मरतें, झाड मरतें, हौस मरते. पण घरांतल्या वडील माणसाला ‘मेले’ म्हणणें जिभेवर येत नाहीं. आणि तोच शब्द कोंकणांतली आई आपल्या धडधाकट मुलाला दिवसांतून दहा वेळां लावते. ‘अरे मेल्या, जेवायला ये’ या हांकेंत माया किती आणि राग किती याचा निवाडा परक्या माणसानें करूं जाऊं नये. जिवंत मुलगा ‘मेला’ आणि मेलेले काका ‘वारले’, ही आमच्या भाषेची रीत कोणत्याहि व्याकरणांतील नियमानें शिकवितां येणार नाहीं.

तसाच ‘गोवऱ्या मसणांत जाणें’ हा संप्रदाय. सत्तरी ओलांडलेला गृहस्थ ओसरीवर बसून ‘आमच्या आतां गोवऱ्या मसणांत गेल्या’ असें स्वतःविषयीं म्हणतो, तेव्हां तें बोलणें निरिच्छपणाचें वाटतें आणि ऐकणारे ‘छे, छे, असें काय बोलतां’ म्हणून उलटा आग्रह धरतात. तेंच वाक्य दुसऱ्या कोणीं त्याला ऐकविलें तर तो शाप होतो. ‘किक् द बकेट’ची मर्यादा नेमकी अशीच आहे: स्वतःपुरतें बोलले तर विनोद, दुसऱ्याच्या दारीं जाऊन बोलले तर अधिक्षेप.

आतां कल्पना करावी कीं, एका इंग्रज गृहस्थानें मोठ्या कष्टानें मराठी शिकली. त्याच्या वहींत एके ठिकाणीं ‘मरणें’ आणि त्यासमोर ‘गचकणें’ असें लिहिलेलें आहे. पुण्यांतील स्नेह्याचे वडील वारल्याचें त्यास कळलें आणि त्यानें सुंदर अक्षरांत पत्र लिहिलें: ‘आपले तीर्थरूप गचकल्याचें वाचून अत्यंत दुःख झालें.’ त्या घरांतील मंडळींनीं काय करावें? बहुतेक घरीं, दुःखाचा पहिला भर ओसरल्यावर, त्या पत्राकडे पाहून कोणी ना कोणी हंसलें असतें. पण लिहिणाराला मूर्ख म्हणून त्याची गोष्ट छापून जगभर वाटण्याची बुद्धि कोणास झाली नसती. त्यानें आपल्यासाठीं आपल्या भाषेंत लिहिलें, हेंच आधीं मनांत आलें असतें.

या संप्रदायाचा आणखी एक गुण शिकणारानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. तो मुरंब्यासारखा मुरून घट्ट झालेला आहे. त्यांतला एकहि शब्द हलवितां येत नाहीं. ‘द’ काढून ‘ए बकेट’ म्हटलें कीं खरोखरीच एखादी बादली कलंडून पाणी सांडतें. दोन माणसें एकाच अपघातांत गेलीं तरी बादली एकच राहते. कर्मणि प्रयोग केला, ‘त्याच्याकडून बादली लाथाडली गेली’ असें म्हटलें, कीं मृत्यू नाहींसा होतो आणि नुसती आदळआपट उरते. काळाचेंहि बंधन आहे. तीन महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयीं इंग्रजींत ‘तो मरणाच्या वाटेवर आहे’ असें चालू काळांत म्हणतां येतें, पण ‘तो तीन महिने बादलीला लाथ मारीत आहे’ असें म्हणतां येत नाहीं. लाथ ही क्षणाची क्रिया. ती लांबवितां येत नाहीं. अलीकडील भाषाशास्त्रज्ञांना हें उदाहरण इतकें आवडतें कीं, संप्रदायांवरील त्यांच्या ग्रंथांतून ती बादली पुनःपुन्हां लाथाडली जाते.

मराठींत ‘राम म्हणणें’ याची परीक्षा करून पाहावी. ‘त्यानें राम म्हटला’ म्हणजे तो गेला. ‘तो रोज राम म्हणतो’ म्हणजे माणूस भाविक आहे. ‘त्यानें दोनदां राम म्हटला’ म्हणजे कोणाला तरी वाटेंत नमस्कार केला असेल. ‘डोळे मिटले’ म्हणजे संपलें. ‘एक डोळा मिटला’ म्हणजे प्रकरण निराळेंच.

ही लाथ आणि ही बादली आली कोठून? छापील पुराव्यापैकीं प्रसिद्ध आणि जुना पुरावा १७८५ सालचा आहे. त्या वर्षीं लंडन येथें फ्रान्सिस ग्रोस या गृहस्थानें ग्राम्य इंग्रजीचा एक कोश प्रसिद्ध केला. ‘ए क्लासिकल डिक्शनरी ऑफ द व्हल्गर टंग’ हें त्याचें नांव. डॉक्टर जॉन्सनचा १७५५ सालचा सुप्रसिद्ध कोश ग्रंथकारांच्या आधारें रचला होता. ग्रोसनें शिपाई, खलाशी, जुगारी आणि भामटे यांच्या तोंडची भाषा गोळा केली, आणि तींत हा संप्रदाय ‘मरणें’ या अर्थासह नोंदविला. ग्रोस हा मोठा मजेदार पुरुष होता. देहानें अवाढव्य, वृत्तीनें आनंदी, नागरिक पलटणींत कप्तान आणि व्यासंगानें पुराणवस्तुसंशोधक. स्कॉटलंडचा कवि रॉबर्ट बर्न्स हा त्याचा स्नेही. ‘टॅम ओ’ शँटर’ ही बर्न्सची विख्यात कविता ग्रोसच्या स्कॉटलंडमधील प्राचीन अवशेषांवरील ग्रंथासाठींच लिहिलेली आहे. आयर्लंडांतील अवशेषांची माहिती गोळा करावयास तो डब्लिनला गेला आणि तेथेंच १७९१ सालीं वारला. त्याच्याच कोशांतला शब्द त्याच्याविषयीं वापरला असता तर तो स्वतः बहुधा रागावला नसता. पण येथें तो वापरण्याचें धाडस नको.

उपपत्ति अनेक आहेत. लोकांना आवडणारी अशी कीं, गळफास घेणारा माणूस उलट्या बादलीवर उभा राहतो आणि अखेरीस तिला लाथ मारतो. चित्र डोळ्यांपुढें चटकन उभें राहतें, आणि म्हणूनच त्याविषयीं सावध राहावें. चित्र उत्तम असलें तरी पुरावा काहींच नाहीं. शिवाय संप्रदायाच्या वापरांत आत्महत्येचा गंधहि नाहीं. अंथरुणांत शांतपणें गेलेल्यासहि तो लागतो.

दुसरी उपपत्ति कोशकारांना अधिक पटते. इंग्लंडच्या पूर्व भागांतील, विशेषतः नॉरफोकच्या बोलींत ‘बकेट’ या शब्दाचा बादलीशीं संबंध नसलेला एक अर्थ होता: आडवा वांसा किंवा तुळई. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असावा असें मानतात. मारावयाचें किंवा मारलेलें डुकर मागच्या पायांनीं अशा वांशाला टांगीत आणि शेवटच्या तडफडींत त्याचे पाय वांशावर आपटत. शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरील नाटकाचा दुसरा भाग १६०० सालीं छापला गेला. त्यांत फॉलस्टाफच्या तोंडीं ‘बकेट’ शब्द आहे, आणि तेथेंहि तो असाच लांकडाचा दांडा असावा असें कित्येक टीकाकारांचें मत आहे. हें खरें धरलें तर तीं बादलीची चित्रें, व्यंगचित्रें आणि विनोद हीं सर्व एका विसरलेल्या शब्दावर उभीं आहेत. खेड्यांतला वांसा शहरांत अनोळखी झाला, तेव्हां शहरी लोकांनीं त्याला ओळखीची बादली केलें. शब्दांच्या घराण्यांत असें दत्तकविधान वारंवार घडतें.

तिसरें मत एका कॅथलिक मठाधिपतीचें. मृताच्या पायांशीं पवित्र जलाचें भांडें ठेवण्याची जुनी रीत होती, त्यावरून हा प्रयोग निघाला असें त्याचें म्हणणें. मृताचे पाय त्या भांड्यापर्यंत पोंचतात हें खरें. पण लाथेच्या टवाळ सुराचा उलगडा त्यानें होत नाहीं.

युरोपांतील इतर भाषांकडे वळलें तर सर्वत्र हीच खोडकर वृत्ति दिसते. जर्मन मनुष्य चमचा परत करतो किंवा गवत चावतो. फ्रेंच मनुष्य आपली तंबाखूची नळी मोडतो. स्पॅनिश मनुष्य तंगडी ताणतो. डेन्मार्कचा मनुष्य आपले लांकडी जोडे काढून ठेवतो. पोलंडांतला तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेलाच लाथ मारतो, आणि यापेक्षां समर्पक लाथ शोधून सांपडणार नाहीं. यांत मौजेची गोष्ट अशी कीं, या सर्व वस्तु घरगुती आहेत: चमचा, जोडे, नळी, बादली. आमच्याकडे त्यांच्या पंक्तीला गोवऱ्या. मोठ्या भयाला माणूस हाताशीं सांपडेल त्या भांड्याकुंड्यानें झांकूं पाहतो.

पण शब्द सारखे म्हणून अर्थ सारखा असें धरून चालणाराची फसगत होते. ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेंत ‘शुतार ओ बाल्दे’ असा संप्रदाय आहे. शब्दशः अर्थ ‘बादलीला लाथ मारणें’ हाच. तेथें मात्र त्या माणसाला कोणी खांदा देत नाहीं. तो जिवंत असतो आणि रागानें किंवा वैतागानें सारें सोडून, परिणामांची पर्वा न करतां वागूं लागलेला असतो. आणि हा ‘बाल्दे’ आम्हांला परका नाहीं. पोर्तुगीजांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला, ‘बालदी’ झाला आणि वर्णांची अदलाबदल होऊन ‘बादली’ झाला. म्हणजे इंग्रजांची बादली कदाचित् मूळची वांसा, आणि आमची बादली मूळची लिस्बनची.

आतां पुन्हां त्या हंसण्याकडे. अशा हंसण्याला एकेकाळीं छापील पुस्तकांचें खाद्य मिळालें होतें. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ति अनुकूलचंद्र मुखर्जी १८७१ सालीं वारले. त्यांच्या पुतण्यानें १८७३ सालीं इंग्रजींत त्यांचें चरित्र लिहिलें. लेखकानें इंग्रजी आणि लॅटिन संप्रदायांचा असा सढळ हातानें वर्षाव केला कीं, इंग्रज वाचकांनीं तें पुस्तक शोकग्रंथ म्हणून न वाचतां विनोदी ग्रंथ म्हणून वाचलें. १८९६ सालीं हिंदुस्थानांत येऊन गेलेल्या मार्क ट्वेननें आपल्या १८९७ सालच्या प्रवासवर्णनांत त्याचा मुद्दाम उल्लेख केला. त्याच वर्षीं एफ. ॲन्स्टी या विनोदी लेखकाचें ‘बाबू जबरजी, बी. ए.’ हें पुस्तक निघालें. त्यांतील नायक म्हणजे असलें इंग्रजी बोलणारा हिंदी विद्यार्थी. विनोद म्हणून तें पुस्तक हुशारीनें लिहिलें आहे, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु त्या पुतण्याच्या बाबतींत एवढें म्हटलें पाहिजे कीं, तो खऱ्या दुःखानें लिहीत होता आणि चुलत्याचा मान म्हणून घरांतले होते नव्हते तेवढे दागिने त्यानें बाहेर काढले होते. कोणता दागिना लग्नांत घालावयाचा आणि कोणता स्मशानांत नेऊं नये, हें सांगणारा त्याला कोणी भेटला नाहीं.

हा सांगणारा आमच्या शाळांतूनहि फारसा भेटत नसे. व्याकरणाच्या पुस्तकाच्या अखेरीस संप्रदायांची यादी असे. डावीकडे संप्रदाय, उजवीकडे अर्थ आणि मध्यें बरोबरीचें चिन्ह. सारा अनर्थ त्या दोन आडव्या रेघांनीं केला. ‘किक् द बकेट’ बरोबर ‘टु डाय’. मुलानें पाठ केलें. परीक्षेंत ‘वाक्यांत उपयोग करा’ असा प्रश्न आला. मुलानें ‘माय ग्रँडफादर किक्ड द बकेट लास्ट इयर’ असें लिहिलें आणि त्याला पूर्ण गुण मिळाले. तो पुढें हुशार निघाला, परदेशीं नोकरीस गेला आणि वरिष्ठाच्या पत्नीच्या निधनाची वार्ता आल्यावर त्यानें तेंच पाठ केलेलें वाक्य पाठविलें, तर दोष कोणाचा? अशा प्रसंगीं ‘डाइड’ हा चार अक्षरांचा शब्द कोणाच्याहि मृत्यूला पुरतो. ‘पास्ड अवे’ हाहि निर्धोक. हिंदुस्थानांत रूढ झालेला ‘एक्स्पायर्ड’ आपल्याकडे आदरार्थी मानला जातो आणि आपसांत त्यास हरकत नाहीं. परंतु आजच्या इंग्रजाच्या कानाला तो प्रथम मुदत संपलेल्या परवान्याची आठवण देतो, इतकें जाणून असावें.

ही बादली अलीकडे पुन्हां एकदां फिरून आली आहे. २००७ सालीं रॉब रायनर यानें दिग्दर्शित केलेला ‘द बकेट लिस्ट’ हा अमेरिकन बोलपट निघाला. जॅक निकल्सन आणि मॉर्गन फ्रीमन यांनीं त्यांत दोन मरणासन्न वृद्धांच्या भूमिका केल्या आहेत. बादलीला लाथ मारण्यापूर्वीं करावयाच्या गोष्टींची यादी, ती ‘बकेट लिस्ट’. शब्द बघतां बघतां जगभर पसरला. २०१८ सालीं याच नांवाचा मराठी बोलपट आला. माधुरी दीक्षित यांचा तो पहिला मराठी बोलपट. त्याची नायिका एका घरांतली गृहिणी. तिच्या छातींत दुसऱ्या एका मुलीचें हृदय बसविलेलें असतें, आणि त्या गेलेल्या मुलीची अपुरी राहिलेली यादी ती पुरी करावयास निघते. येथें तरी शब्दाच्या पोटांतला मृत्यु कथेच्याहि पोटांत आहे.

एरवीं पुण्यामुंबईच्या घरांतून हा शब्द निव्वळ हौसेचा झाला आहे. लग्न ठरलेली मुलगी ‘हिमालय माझ्या बकेट लिस्टमध्यें आहे’ असें सासूसमोर सांगते आणि शुभकार्यांत हें काय बोललीस, असें तिला कोणी म्हणत नाहीं. लाथ गळून पडली, नुसती बादली राहिली. घरांतल्या आजीला त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागतो. यादी मात्र तिच्याजवळहि असते, आणि ती बहुधा तोंडपाठ असते: काशी, रामेश्वर, आणि धाकट्या नातवाची मुंज.